पावसाआधीचा खान्देश : मोऱ्या, दरवाजे आणि मातीची धाबी

मेच्या शेवटच्या आठवड्यात खान्देशात फिरायला जा, असं कुणी सांगणार नाही. पण पुराची आणि उन्हाची जोखीम पाहायची तर हाच आठवडा. नाल्यांची हाडं उघडी पडलेली असतात, रस्त्याखालच्या मोरीत वाकून आरपार बघता येतं, विहिरीचा तळ दिसतो आणि उन्हानं काय काय मोडतं तेही याच दिवसांत कळतं. जूनच्या मध्यानंतर यातलं बरंचसं पाण्याखाली किंवा गवताखाली जातं. चाळीसगाव, भुसावळ, यावल-रावेर, शिरपूर आणि पांझराकाठ अशी ही पाच दिवसांची वाट. कामं पहाटे साडेपाच ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर. मधले सहा तास सावलीला.

दिवस पहिला : चाळीसगाव

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री कन्नड घाटाच्या माथ्यावर पाऊस कोसळला आणि ३१ च्या पहाटे तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या चाळीसगावात शिरल्या. घाटात दरडी आल्या, रस्ता बंद पडला. मेमध्ये तितूरच्या पात्रात उभं राहिलं की हे खरं वाटत नाही. गुडघाभर झुडपं, प्लास्टिक आणि दोन शेळ्या. नदीकाठच्या एका भांडीवाल्या आजींनी दुकानाच्या आतल्या भिंतीवरची पुसट तपकिरी रेघ दाखवली आणि अहिराणीत एका वाक्यात निकाल दिला : "पानीनी वाट बुजाई दिधी, मंग ते घरमा उनं." (पाण्याची वाट बुजवली, मग ते घरात आलं.)

अशी रेघ सापडली की ती नोंदवायची रीत आहे. एका माणसाच्या आठवणीवर विसंबायचं नाही. निदान तीन ठिकाणच्या खुणा घ्यायच्या : भिंतीवरची चिखलरेघ, देवळाची बुडालेली पायरी, बाभळीच्या फांदीत अडकलेल्या चिंध्या. मग गवंड्याची पारदर्शक लेव्हलनळी पाण्यानं भरून तिन्ही खुणा एकाच पक्क्या ठिकाणापासून, म्हणजे पुलाच्या कठड्यापासून किंवा शाळेच्या जोत्यापासून मोजायच्या. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर चार बोटांची चूक सहज होते. खुणा एकमेकींशी जुळल्या नाहीत तर बहुतेक वेळा एखादी खूण पुराची नसून छपराच्या गळतीची निघते.

कागदावरची पूररेषाही नीट वाचायला हवी. महाराष्ट्रात निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. "पंचवीस वर्षांतून एकदा" ऐकलं की लोक निर्धास्त होतात. प्रत्यक्षात निळ्या रेषेवर बांधलेलं घर तीस वर्षांत किमान एकदा बुडण्याची शक्यता ७१ टक्के येते. लाल रेषेवरच्या घराचीसुद्धा २६ टक्के. घराचं कर्ज फिटेपर्यंतचा हिशेब असा मांडला की दुकानदार लगेच जोतं किती उंच घ्यायचं ते विचारतो.

घाटपायथ्याच्या ओढ्यांवर जागोजाग फरशी पूल आहेत. घाटातल्या पंख्यासारख्या पाणलोटासाठी आपल्याकडे पुराचा प्रवाह काढायला इंग्लिस यांचं सूत्र वापरतात : क्षेत्र चौरस किलोमीटरमध्ये घ्यायचं, त्याला १२४ नं गुणायचं आणि क्षेत्र अधिक १०.४ याच्या वर्गमुळानं भागायचं. २५ चौरस किलोमीटरला उत्तर येतं सेकंदाला सुमारे ५२० घनमीटर. ही वरची मर्यादा, रोजचा पूर नव्हे. तरीही समोरच्या फरशीखाली ९०० मिलिमीटरचे सहा पाइप. भरून वाहिले तरी सहांतून मिळून सात-आठ घनमीटर जाणार. म्हणजे फरशी बुडण्यासाठीच बांधलेली असते, आणि त्यात चूक काही नाही. चूक होते ती नंतर, कुणी तरी "पूल उंच करा" म्हणतं आणि दोन्ही बाजूंचा मातीचा भराव तेवढा उंचावला जातो तेव्हा. मग पाणी वरून जायचं सोडून भराव फोडतं, फरशी मधल्या मध्ये उभी राहते आणि दोन्ही टोकांना खड्डे. भराव बुटका ठेवायचा, वरच्या-खालच्या बाजूला खोल आडभिंत घ्यायची, खालच्या अंगाला दगडी अस्तर द्यायचं आणि कडेला पांढरे-लाल खांब रोवायचे. खांबावर फुटांच्या खुणा हव्यातच : वेगानं वाहणारं अर्धा फूट पाणी माणसाला पाडतं, फूटभर पाणी लहान गाडी उचलतं.

बदलता पाऊस लक्षात घेऊन मोरी वाढवायची तर पाइपांची संख्या वाढवण्यापेक्षा व्यास वाढवावा. उतार तोच ठेवून ६०० चा पाइप काढून ९०० चा टाकला तर वहनक्षमता जवळजवळ तिप्पट होते, १००० चा टाकला तर चौपट. शिवाय खान्देशात मोरी पाण्यानं नाही, पऱ्हाट्यांनी तुंबते. कपाशी उपटून बांधावर रचलेली असते, पहिल्या लोंढ्याबरोबर ती खाली येते आणि पाइपाच्या तोंडाशी घरट्यासारखी अडकते. ६०० च्या पाइपात माणूस शिरत नाही, म्हणून तो कधी साफही होत नाही.

रात्री स्टेशनजवळ शेवभाजी. तर्री वेगळी मागून घ्या; उन्हातून आलेल्या पोटाला ती पहिल्याच दिवशी सोसत नाही.

दिवस दुसरा : भुसावळ, चांगदेव, हतनूर

सकाळच्या गाडीनं भुसावळ. दुपारी छायेत पारा ४४ वर. हवामान खात्याच्या निकषानं मैदानी भागात तापमान ४५ ला पोचलं की उष्णतेची लाट आणि ४७ ला तीव्र लाट. भुसावळ-जळगावला हे आकडे पुस्तकी नाहीत. लोखंडी रूळ हवेपेक्षा खूपच जास्त तापतो. एक किलोमीटर रूळ मोकळा सोडला आणि २५ अंशांनी तापवला तर तो २९ सेंटिमीटर लांबेल. वेल्डिंगनं सलग जोडलेल्या रुळाला लांबायला जागाच नसते; तो ताण आतल्या आत साठतो आणि गिट्टी ढिली असेल तिथे रूळ आडवा वाकतो. म्हणून ठरवून दिलेल्या तापमानापेक्षा रूळ २० अंशांनी जास्त तापला की उन्हाळी गस्त सुरू होते. दुपारी एकला डोक्याला ओला गमछा बांधून रुळावरून चालणारा कीमन दिसतो तो याच कामावर असतो. गस्तवाल्यांच्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते : वाकण्याची भीती गिट्टी नुकतीच हलवलेल्या जागी. म्हणून असली कामं मेमध्ये काढायचीच नाहीत.

सिमेंटच्या कामांचंही तेच. ४० अंशांवर टाकलेलं काँक्रीट म्हणजे वेगळं काम. खडी सावलीत ठेवायची, पाणी थंड वापरायचं, ओतकाम पहाटे किंवा रात्री करायचं, आणि पोत्यांनी झाकून मिश्र सिमेंटला १४ दिवस पाणी मारायचं. जळगाव जिल्ह्यात मेमध्ये बांधलेल्या गटारांच्या भिंतींवर नकाशासारख्या भेगा दिसतात त्या पाण्याच्या कंजुषीच्या. गटार फुटतं पावसात, पण बिघडलेलं असतं उन्हातच.

संध्याकाळी चांगदेवला. तापी आणि पूर्णा यांचा संगम, काठावर दगडी देऊळ, आणि इथून खाली हतनूरचं धरण : तापीवर ४१ दरवाजे. हतनूर पाणी साठवण्यापेक्षा पाणी पुढे सोडण्याच्या वेळेचं धरण आहे असं म्हटलं तर वावगं ठरू नये. पूर्णा आणि तापी दोन्ही गाळ आणतात, जलाशय उथळ होत जातो, आणि पूर आला की दरवाजे लवकर उघडावे लागतात. सुटलेलं पाणी सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बॅरेजवरून गुजरातेतल्या उकाई धरणात जातं. २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडालं तेव्हा हीच नदी होती.

दरवाज्यांची पावसाळ्यापूर्वीची तपासणी कोणत्याही बॅरेजवर सारखीच, आणि कुणालाही समजेल अशी. दरवाजा पूर्ण वर, पूर्ण खाली, दोनदा. रबरी सील चिरलंय का. वायर दोरातले तुटलेले धागे मोजायचे, त्याला ग्रीस लावायचं. वीज घालवून जनरेटरवर एक दरवाजा उचलून बघायचा. डिझेल कॅनमध्ये नाही, टाकीत हवं. हातानं फिरवायचा दांडा कुठे आहे ते रात्रपाळीच्या माणसाला विचारायचं. हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत कामाचा. दांडा असतो, पण ज्या खोलीत असतो तिची किल्ली दुसऱ्या पाळीकडे असते.

नदीकाठच्या एका गावात दवंडीची जागा मोबाइलच्या गटानं घेतली आहे. पण पुराच्या रात्री वीज जाते आणि मग टॉवरही. देवळाचा भोंगा बॅटरीवर चालतो की नाही, ते इथल्या तरुणांनी गेल्या पावसाळ्यात पाहिलं आणि दोनशे रुपयांत जोडणी बदलून घेतली. खर्चाच्या मानानं इतका परतावा कुठल्याच यंत्रणेत नाही.

दिवस तिसरा : यावल-रावेर, केळीच्या बागा

सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, वाळू आणि माती यांचा जाड थर आहे. भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून उतरणारं पाणी इथे झपाट्यानं मुरतं आणि त्याच पाण्यावर खालची केळी उभी आहे. उपसा मुरण्याच्या पुढे गेला, म्हणून विहिरींच्या बोअर झाल्या आणि बोअर खोल गेल्या. तापीच्या महापुनर्भरण योजनेसाठी मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात करार झाला तो याच पट्ट्याला डोळ्यांसमोर ठेवून.

गावपातळीवरचा ताळेबंद मात्र वहीत मांडता येतो. ७०० मिलिमीटर पाऊस आणि हजार हेक्टर शिवार म्हणजे आभाळातून आलेलं पाणी ७० लाख घनमीटर. ऐकायला अफाट. त्यातलं बरंचसं वाफ होऊन आणि वाहून जातं. केळीला हवामानाप्रमाणे वर्षाला १,२०० ते २,२०० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी १२ ते २२ हजार घनमीटर. दोनशे हेक्टर केळी धरली की मधल्या आकड्यानंही ३४ लाख घनमीटर होतात. रावेरकडच्या एका शेतकऱ्यानं ही बेरीज पाहून वही बंद केली आणि म्हणाला, "म्हंजे आपण डोंगराच्या पाण्यावर जगतोय." नेमकं तेच.

बागेत हवामानाचा आघात तीन बाजूंनी येतो. हिवाळ्यात थंडी वाढली की पानं पिवळी पडतात, वाढ थांबते. रात्री विहिरीचं कोमट पाणी देणं आणि बांधावर धूर करणं हा जुना उपाय. एप्रिल-मेमध्ये उष्णतेनं घड सटकतात. घडावर कोरडी पानं बांधतात आणि ठिबक एकदाच दोन तास न चालवता तीन वेळा चाळीस मिनिटं चालवतात. अडचण विजेची. शेतीचा फीडर आठ तास, तोही आठवड्याआड दिवसा-रात्री. म्हणून उंचावरची टाकी हवी. तीन हजार खोडांना खोडामागे २० लिटर धरले तर दिवसाला ६० हजार लिटर, आणि निम्मी साठवण असली तरी दुपारची पाळी निभते. तिसरा आघात वादळाचा. मृगबाग घडावर आलेली असते नेमकी मे-जूनच्या वावटळीत, आणि वीस-पंचवीस किलोचं ओझं घेतलेलं खोड वाऱ्याच्या एका झोतानं मोडतं. पश्चिमेच्या बांधावर शेवरीची दाट ओळ, दोन खोडं एकमेकांना पट्टीनं बांधून दोघांची टेकण. बांधताना गाठ घडाच्या दांड्याला नको, खोडाच्या गळ्याला.

विम्याबद्दल इथे जितकं बोललं जातं तितकं केळीबद्दलही बोललं जात नाही. फळपिकांच्या हवामानाधारित विम्यात नुकसान बाग बघून नाही, महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरतं. ठरावीक दिवस सलग ठरावीक तापमान ओलांडलं की भरपाई. आकडे दर वर्षीच्या शासन निर्णयात येतात, ते हप्ता भरण्याआधी वाचावेत. गारपीट आणि वादळाचं नुकसान मात्र ७२ तासांत कळवावं लागतं. केंद्र कुठे आहे तेही जाऊन पाहावं. पर्जन्यमापकापासून झाडा-भिंतीचं अंतर त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट, वाऱ्याच्या मापकाला दहापट मोकळी जागा. मापकाशेजारी निंब वाढला असेल तर वारा कागदावर कायम मंदच राहणार. ग्रामसभेचा ठराव करून, फोटो आणि अंतराच्या मापांसह हरकत हंगामाआधी द्यावी. नुकसान झाल्यावर दिलेली हरकत कुणी मोजत नाही.

दुपारी एका घरी आमरस आणि खापरावरचे मांडे. आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन गेली होती, पण पाहुण्यांसाठी पुन्हा खापर चढलं. मांडा हातावर फिरवून कोपरापर्यंत नेणाऱ्या ताईंना विचारलं की इतक्या उन्हात चुलीपुढे? "पहाटे चारला करतो, भाऊ. ऊन आम्हाला तुमच्या आधीपासून माहीत आहे."

वाटेवरची सूचना : लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, लिंबू. तहान लागायच्या आधी घोट-घोट. ग्लानी येऊन घाम थांबला, बोलणं असंबद्ध झालं तर पाणी पाजत बसू नये. कपडे ओले करून पंख्याखाली, आणि थेट दवाखाना.

दिवस चौथा : शिरपूरचे नाले

शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाल्यांवर जे काम केलं ते राज्यभर "शिरपूर पॅटर्न" म्हणून गेलं. प्रत्यक्ष नाल्यात उतरल्यावर मर्म कळतं. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत वर पिवळ्या चिकणमातीचा थर, तो पाणी खाली जाऊ देत नाही. खाली वाळूचे थर, ते पाणी पितात. नाला वीसेक मीटर रुंद आणि दहा मीटरच्या आसपास खोल करून चिकण थर ओलांडला की पाणी वाळूला भिडतं. मध्ये सिमेंटचे बिनदरवाज्याचे बंधारे आणि कडेनं सांडवा. दरवाजे नाहीत, म्हणून ते चोरीला जाण्याचा किंवा उघडायचं विसरण्याचा प्रश्नच नाही. (कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्यांचं काय होतं ते खान्देशात वेगळं सांगायला नको.)

नक्कल करताना लोक खोली उचलतात, भूगर्भ विसरतात. अखंड काळ्या कातळात तेवढंच खोदलं तर तळं मिळतं, पुनर्भरण नाही. आणि काही ठिकाणी वरच्या विहिरींचा झरा कापून तो नाल्यात येतो. म्हणून आधी आसपासच्या पाच-सहा विहिरींच्या भिंती बघायच्या. माती किती, मुरूम किती, कातळ कुठे लागतो, झरा कोणत्या थरातून येतो. विहिरीची भिंत म्हणजे फुकटात मिळालेला भूगर्भाचा छेद.

आणखी तीन जागा जिथे काम बिघडतं. काठ उभे कापले तर पहिल्याच पावसात ढासळतात. मातीत एकास एक उतार हवा. काढलेली माती काठावरच रचली तर ती परत आत येते. आणि तळावर दोन-तीन मिलिमीटर गाळाची साय बसली की जिरणं थांबतं, म्हणून दर मेमध्ये तळ खरवडायचा. जिरतंय की नाही हे तपासायला यंत्र लागत नाही : ऑक्टोबरात वरून पाणी येणं थांबल्यावर पट्टी रोवून रोज सकाळी पातळी लिहायची. दिवसाला चार-पाच मिलिमीटरच उतरत असेल तर ती नुसती वाफ. पंचवीस-तीस उतरत असेल तर नाला काम करतोय. खोल नाल्याला कुंपण आणि चढायच्या पायऱ्या हव्यात. अंदाजपत्रकात त्या शेवटी येतात आणि सर्वांत आधी कापल्या जातात.

जेवण वरण-बट्टी. नंतर दोन तास काही होत नाही, हे वेळापत्रकात धरावं.

दिवस पाचवा : पांझराकाठ

धुळ्याहून साक्रीच्या वाटेला लागलं की पांझरेवरचे जुने बंधारे सुरू होतात. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागलेल्या तरुण विश्वेश्वरय्यांनी खान्देशात केलेल्या पहिल्या कामांत पांझरेच्या पाटावरचा पाइप सायफन होता. साक्री तालुक्यातलं दातर्ती त्यासाठी ओळखलं जातं. पण फड पद्धत त्यांच्याही कितीतरी आधीची, तीनशे-चारशे वर्षांची.

बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या. भिजणारं सगळं क्षेत्र म्हणजे थळ, त्याचे तीन-चार फड, आणि एका फडात एकच पीक. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी-थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा. नुकसान सगळ्यांचं सारखं. शेपटाचा शेतकरी मेला आणि तोंडाचा तरला असं होत नाही, म्हणून कालवा फोडायचं कारणही उरत नाही. पाटकरी पाणी सोडतो, बारेकरी शेतात फिरवतो, जागल्या राखण करतो, मोबदला पिकात. दुष्काळात भांडण कसं होणार नाही याची सोय आधीच करून ठेवलेली. विमा योजना लिहिणाऱ्यांनी इथे एक दिवस बसावं असं वाटून जातं. विहिरी वाढल्या, वर धरणं झाली, वाळू उपसली गेली; बरेच फड आता नावापुरते आहेत. एका जुन्या पाटकऱ्यानं काठीनं दाखवलं, पात्र कुठे होतं आणि कुठे उतरलं. वाळू गेली तसा बंधाऱ्याचा पाया उघडा पडला. त्याला आता नवा बंधारा नको, खालच्या अंगाला दगड-काँक्रीटची दाढ हवी, एवढंच तो सांगत होता. बरोबर सांगत होता.

याच तालुक्यातल्या बारीपाड्यानं जंगल राखून आपलं पाणी राखलं. त्या कामासाठी तिथल्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे जायचं तर रानभाज्यांच्या दिवसांत जावं. मेमध्ये घाई करून काही दिसत नाही.

मुक्काम धाब्याच्या घरात. लाकडी सऱ्या म्हणजे तुळया, वर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. बाहेर ४३, आत हात लावला तर भिंत गार. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी पाच मिनिटं बसवेना. पत्र्याला दोन हात चुना-डिंकाचं पांढरं दिलं तरी काही अंशांचा फरक पडतो, पण धाब्याशी तुलना नाही. मग धाबी पडतात का? संततधारेत, रात्री, माणसं आत झोपलेली असताना. दरवर्षी गळती थांबवायला जुन्या थरावर दोन-अडीच सेंटिमीटर नवी माती चढते. दहा वर्षांत पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस मीटरला चारशे किलो जादा, आणि भिजल्यावर पाण्याचं वजन वेगळं. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर साडेचार टन. खाली सऱ्या आजोबांच्या वेळच्या, टोकं भिंतीत कुजलेली.

उपाय मेमध्येच करायचा. जुनी माती खरवडून मूळ थरावर यायचं, मगच नवी टाकायची. सऱ्यांची टोकं भिंतीजवळ खिळ्यानं टोचून बघायची. खिळा बोटभर सहज गेला तर त्या सरीखाली खांब. पन्हळ मोकळा, आणि एकाऐवजी दोन. प्लास्टिक अंथरायचं तर मातीच्या खाली, वर नाही. वरचं उन्हानं एका मोसमात फाटतं.

घरमालकांनी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे केला, आणि जेवण होईतो धाकट्याला खिळा घेऊन वर पाठवलं होतं. अकरा सऱ्यांपैकी दोन गेल्या. खांबाला लाकूड परसात होतंच.